वेखंडाचा वेढा आणि तेलाचा थेंब

मुलुंड पूर्वेतील एखाद्या जुन्या इमारतीत बारसे असावे. बाळंतिणीच्या खोलीत ओवा-बाळंतशेपांच्या धुरीचा वास रेंगाळलेला असतो. कोपऱ्यात सहाण, शेजारी डबीत वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, बाळहिरडा, जायफळ, सुंठ. आजी गुटी उगाळते तेव्हा वेढे मोजते. महिन्याच्या बाळाला वेखंडाचा एक वेढा, आणि तोही हलक्या हाताने; बाळ वाढते तसे वेढे वाढतात. कोणत्याही पुस्तकात न पाहता चाललेले हे मोजमाप म्हणजे औषधाच्या मात्रेचे शास्त्रच होय. त्याच खोलीत भेटवस्तूंच्या ढिगात अलीकडे काळपट काचेच्या छोट्या बाटल्यांची एखादी पेटीही दिसते. एका बाटलीवर नीलगिरी, दुसरीवर तुळस, तिसरीवर वेखंड. पेटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते : शंभर टक्के नैसर्गिक. सर्दी, अपचन, निद्रानाश, रोगप्रतिकारशक्ती अशा सर्वांवर गुणकारी म्हणून ही पेटी दिली जाते आणि 'आपलेच आहे, आयुर्वेदातले आहे' या विश्वासाने ती घेतलीही जाते.

हा विश्वास मुळातच तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

सहाणेवरचे वेखंड आणि बाटलीतले वेखंडाचे तेल या एकच वस्तू नव्हेत. आयुर्वेदात 'तैल' म्हणून जे सिद्ध केले जाते, ते बहुधा तिळाच्या तेलात वनस्पतींचा काढा आणि कल्क आटवून केलेले असते. नारायण तेल घ्या वा चंदनबला लाक्षादी तेल. त्यात वनस्पतीचा अंश असतो, पण तो तिळतेलाने सौम्य केलेला असतो. बाटलीतले तेल वेगळ्या रीतीने निघते. वनस्पतीतून वाफ सोडतात, वाफेबरोबर तिच्यातला उडून जाणारा भाग वर येतो, तो थंड करून पाण्यापासून अलग करतात. हे ऊर्ध्वपातन भारताला नवे नाही. कनौजचे अत्तरवाले पिढ्यान्‌पिढ्या तांब्याच्या डेगा लावून तेच करत आले आहेत आणि अर्क काढण्याची रीत वैद्यांनाही ठाऊक होती. परंतु शुद्ध उडनशील तेलाचे थेंब हुंगून, चोळून, प्रसंगी जिभेवर ठेवून रोग बरे करण्याची आज बाजारात दिसणारी पद्धत बरीचशी फ्रान्समधून आलेली आहे. 'अरोमाथेरपी' हा शब्द रने-मॉरिस गॅटफॉसे या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ केला. परदेशातून आलेली गोष्ट टाकाऊच असते असे मुळीच नाही. पण तिच्या अंगावर चरक-सुश्रुतांची शाल घालून ती विकली जात असेल, तर ती शाल कुणाची हे विचारण्याचा अधिकार ग्राहकाला आहे.

फरक केवळ नावाचा नाही, मात्रेचा आहे. ताज्या तुळशीच्या पानांत उडनशील तेल शेकडा एक भागाहूनही कमी असते. म्हणजे बाटलीतल्या एका थेंबात मूठभर पानांचे तेल एकवटलेले असते. सकाळी देवपूजेनंतर तुळशीची दोन पाने चावणाऱ्या आजोबांचा ऐंशी वर्षांचा अनुभव त्या दोन पानांपुरता खरा आहे. रोज दहा थेंब पोटात घेणाऱ्या नातवाची हमी तो अनुभव देऊ शकत नाही, कारण आजोबांनी ते कधी केलेलेच नाही. परंपरेने जे वापरले त्याला परंपरेची साक्ष चालते. परंपरेने जे वापरलेच नाही त्याला दुसरी साक्ष शोधावी लागते. ती साक्ष प्रयोगशाळेची.

आणि प्रयोगशाळेसाठी मुलुंडकरांना सातासमुद्रापार जाण्याचे कारण नाही. याच उपनगरात होक्स्ट या जर्मन औषध कंपनीचे संशोधन केंद्र अनेक वर्षे काम करत होते. भारतीय वैद्यकातील वनस्पती एकेक करून तपासण्याचा मोठा उपक्रम तेथे हाती घेण्यात आला होता. कोलियस फोर्सकोहली ही त्यांतली एक, ज्या वनस्पतीच्या मुळांचे लोणचे गुजरातेत 'गरमर' म्हणून आवडीने खाल्ले जाते. या मुळांतून डॉ. सुजाता भट, डॉ. नोएल डिसूझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तदाब उतरवणारे एक द्रव्य वेगळे काढले आणि १९७७ साली त्याची रचना जगापुढे मांडली. तेच पुढे फोर्सकोलिन म्हणून ओळखले गेले. १९८१ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी ते पेशीतल्या एका महत्त्वाच्या विकराला थेट चेतवते हे दाखवले, आणि तेव्हापासून जगभरच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत मुलुंडमध्ये सापडलेल्या या द्रव्याची कुपी असते. त्यापासून तयार केलेले हृदयविकारावरचे एक औषध जपानमध्ये वापरात आले. रोहितुकिन या वनस्पतिजन्य द्रव्यावरचे कामही याच केंद्रातले. त्यापासून घडवलेल्या फ्लावोपिरिडॉलच्या कर्करोगावर चाचण्या झाल्या. आज मुलुंडमध्ये किती जणांना हे ठाऊक असेल? शास्त्रज्ञ आपले, वनस्पती आपली, गाव आपले. कंपनी मात्र जर्मन. यातली बोच खरी आहे. पण हेही तितकेच खरे की लोणच्याच्या बरणीतून ते मूळ औषधशास्त्रात गेले, ते कुणीतरी ते चिरून, विरघळवून, उंदरामांजरांवर पडताळून पाहिले म्हणून. नुसत्या अभिमानाने ते बरणीतच राहिले असते. (त्याच फोर्सकोलिनच्या गोळ्या पुढे अमेरिकेत वजन उतरवण्यासाठी जोरात खपल्या, पुरावा मात्र तोकडाच. दावे पुराव्याच्या पुढे धावण्याचा रोग केवळ आपल्याकडचा नाही.)

सुगंधाचे म्हणाल तर मुलुंडचे नाते त्याहूनही जुने. १९२२ साली केळकर बंधूंनी सुरू केलेला सुगंधी द्रव्यांचा उद्योग याच उपनगरात बहरला आणि मराठी माणसाला धंदा जमत नाही म्हणणाऱ्यांना त्याने उत्तर दिले. १९८४ साली केळकर एज्युकेशन ट्रस्टने मिठागर रोडवर विनायक गणेश वझे महाविद्यालय उभारले. सुगंधशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवणारे आणि शेजारी स्वतःचे वैज्ञानिक संशोधन केंद्र असलेले महाविद्यालय देशात विरळाच. इकडे पश्चिम उपनगरात, जुहूला, भारतीय विद्या भवनाच्या आयुर्वेद संशोधन केंद्रातून डॉ. अशोक वैद्य यांनी उलट्या वाटेचा आग्रह धरला. औषध आधी नळीत, मग प्राण्यात, शेवटी माणसात ही रूढ वाट. आयुर्वेदाच्या बाबतीत माणसांचा अनुभव आधीच हाताशी आहे. तेव्हा त्या अनुभवाची नीट नोंद करून मग प्रयोगशाळेकडे जावे, असे त्यांचे म्हणणे. परंपरेचा मान राखून तिची परीक्षा करण्याची याहून शहाणी रीत सांगता येणार नाही. बाटलीतल्या तेलाला मात्र ही सवलत लागू होत नाही, कारण त्याच्यामागे तो जुना अनुभवच नाही.

आता वेखंडाकडे वळू. सारा प्रश्न त्या एका मुळीत दिसतो.

वेखंड म्हणजे संस्कृत वचा. बुद्धी आणि वाणी तल्लख करणारी म्हणून ग्रंथांनी तिची वाखाणणी केली आहे आणि म्हणूनच बाळाच्या गुटीत तिला मानाचे स्थान आहे. १९६७ साली अमेरिकेत वेखंडाच्या उडनशील तेलावर उंदरांत केलेल्या दीर्घकाळच्या चाचण्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. तेल कुठल्या वेखंडाचे? जम्मूच्या. उंदरांच्या आतड्यांत गाठी आढळल्या आणि १९६८ साली अमेरिकेने वेखंड, त्याचे तेल व अर्क खाद्यपदार्थांत घालण्यास बंदी केली. दोष बीटा-अॅसारोन नावाच्या घटकाचा असल्याचे मानले जाते. गंमत अशी की उत्तर अमेरिकेतल्या वेखंडाच्या जातीत तो घटक जवळजवळ नसतोच. युरोपातल्या जातीत थोडा असतो. आणि गुणसूत्रांचे चार संच असलेल्या भारतीय जातीच्या तेलाचा तर बहुतांश भाग त्यानेच व्यापलेला असू शकतो. एकच वनस्पती, एकच नाव, एकसारखाच दिसणारा कंद. पण तेल काढून गॅस क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रात घातल्यावर तीन निरनिराळ्या पट्ट्या उमटतात. डोळ्याला आणि नाकाला हे कळणे शक्य नाही.

हे ऐकताच दोन प्रतिक्रिया उमटतात. एक म्हणते, पाहा, आयुर्वेद धोकादायक आहे. दुसरी म्हणते, हे औषध कंपन्यांचे कारस्थान आहे. आमच्या आज्यांनी शेकडो वर्षे वेखंड दिले, कुणाला काय झाले? दोन्ही प्रतिक्रिया आळशी आहेत. उंदरांना महिनोन्‌महिने तेल खाऊ घालणे आणि बाळाला कंदाचा एक वेढा चाटवणे यांत अंतर आहे. पहिलीला ते दिसत नाही. पण शेकडो वर्षांत कुणाला काही झाले नाही, हे दुसरीला कुणी सांगितले? ज्या काळात दहांतली कित्येक बाळे वर्षाची होण्याआधीच जात, त्या काळात कशाने काय झाले याची नोंद कुणी ठेवली होती?

खरे उत्तर परंपरेच्या आतच दडलेले आहे. भारतीय आयुर्वेदीय योगसंग्रहात वचेचे शोधन सांगितले आहे : गोमूत्रात, मुंडीच्या काढ्यात, पंचपल्लवांच्या काढ्यात तिला शिजवून काढायचे आणि मगच औषधात वापरायचे. म्हणजे ही मुळी जशीच्या तशी वापरण्याजोगी नाही, याचे भान जुन्या वैद्यांना होते. गोमूत्राचे नाव निघताच ज्यांच्या ओठांवर हसू उमटते, त्यांनी थोडा धीर धरावा. उडून जाणाऱ्या घटकांची मुळी तासन्‌तास उकळली तर तिच्यातले तेल घटणार, हे शाळेतल्या मुलालाही कळेल. किती घटते, बीटा-अॅसारोन कितपत उरते, औषधी गुण टिकतो का, हे मात्र तर्काने ठरवता येत नाही. ते मोजावे लागते. जामनगरच्या आयुर्वेद विद्यापीठातील संशोधकांनी शोधित वचेवर प्राण्यांत असे प्रयोग केलेही आहेत. परंपरेकडून प्रश्न घ्यायचा आणि यंत्राकडून उत्तर, असे हे काम आहे.

आता पेटीतल्या तिसऱ्या बाटलीकडे पाहा. तिच्यात शोधन केलेली वचा नाही. वचेचा जो भाग शोधनाने कमी व्हावा अशी शंका येते, नेमका तोच भाग गाळून, एकवटून भरलेला आहे. आणि ती बाटली परंपरेच्या नावाने बाळाच्या घरात आलेली आहे.

नीलगिरी आणि कापराचे प्रकरण याहून तातडीचे. नीलगिरीचे नाव आपले, पण झाड ऑस्ट्रेलियाचे; इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात ते उटीच्या डोंगरांत आणून लावले. सर्दी झालेल्या मुलाच्या छातीला, उशीला, कधी नाकाखालीही हे तेल लावण्याची सवय मुंबईच्या घराघरांत आहे. बंगळुरूच्या मेंदुविकारतज्ज्ञांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात नीलगिरीचे तेल हुंगल्यानंतर आलेल्या फिटची नोंद केली आणि असे रुग्ण ओळखले जात नाहीत, कारण डॉक्टर तेलाबद्दल विचारतच नाहीत, याकडे लक्ष वेधले. कापराने फिट येते हे तर वैद्यकाला फार पूर्वीपासून माहीत आहे. तान्ह्या मुलाच्या पोटात एक ग्रॅमच्या आसपास कापूर गेला तरी जिवावर बेतू शकते. अमेरिकेने १९८३ साली अंगाला लावण्याच्या मलमांत कापराचे प्रमाण अकरा टक्क्यांहून अधिक असू नये असे ठरवले. आपल्याकडे 'कापूर तुळस' म्हणून जी जात लावली जाते, तिच्या तेलातही कापूर भरपूर असतो. दुसऱ्या बाटलीवर नुसते 'तुळस' लिहिले आहे. ती कृष्ण तुळस, राम तुळस की कापूर तुळस? बाळाच्या आईला हे कळण्याचा मार्ग कोणता?

२०२१ च्या उन्हाळ्यात, करोनाची दुसरी लाट ऐन भरात असताना, कापूर, लवंग, ओवा आणि नीलगिरीच्या तेलाची पुरचुंडी हुंगल्यास रक्तातला प्राणवायू वाढतो, असा संदेश या उपनगरांतल्या बहुतेक सोसायट्यांच्या गटांवर फिरला. सद्भावनेनेच फिरला असेल. पण त्याच घरांत बोटाला लावण्याचे ऑक्सिमीटरही आलेले होते. पुरचुंडी हुंगण्याआधीचा आकडा आणि नंतरचा आकडा कागदावर लिहून ठेवणे ही पाच मिनिटांची परीक्षा होती. कापूर-पुदिन्याच्या वासाने नाकात गारवा जाणवतो आणि श्वास मोकळा झाल्यासारखे वाटते; त्याने रक्तातला प्राणवायू वाढत नाही. ज्या घरात या भरवशावर रुग्णालय गाठायला उशीर झाला असेल, तेथे हा फरक शब्दांचा राहिला नसेल.

याचा अर्थ ही तेले निरुपयोगी आहेत असा कुणी काढू नये. उलट, ज्यांची नीट परीक्षा झाली त्यांनी आपले स्थान मिळवलेच आहे. ओव्याचे उदाहरण घ्या. त्याच्या तेलात मोठा वाटा थायमॉलचा असतो. पहिल्या महायुद्धापूर्वी भारतातला ओवा जहाजांतून जर्मनीला जाई आणि तेथे त्यातून थायमॉल काढला जाई. कच्चा माल आमचा, ज्ञान व नफा त्यांचा, हे गणित तेव्हाचेच. लिस्टरीन या नावाने विकल्या जाणाऱ्या मुखधावनात थायमॉल, नीलगिरीतले युकॅलिप्टॉल, पुदिन्यातले मेंथॉल आणि गंधपुऱ्याच्या तेलातले मिथाइल सॅलिसिलेट असते. शेकडो माणसांवर महिनोन्‌महिने चाचण्या झाल्यानंतर १९८७ साली अमेरिकेच्या दंतवैद्यक संघटनेने हिरड्यांच्या विकारात त्याला मान्यता दिली. लवंगतेलातले युजेनॉल जगभरचे दंतवैद्य वापरतात. आतड्याच्या जुनाट मुरड्यावर पेपरमिंटच्या तेलाच्या, जठरात न विरघळणाऱ्या कॅप्सूल गुणकारी असल्याचे अनेक चाचण्यांत दिसले आहे. मात्र येथेही एक मेख आहे. त्या चाचण्या मेंथा पिपेरिटाच्या तेलावर झाल्या. उत्तर प्रदेशच्या शेतांत प्रामुख्याने पिकतो तो मेंथा अर्वेन्सिस, आणि दोहोंच्या तेलांची घडण वेगळी. एकाची पुण्याई दुसऱ्याच्या बाटलीवर छापता येत नाही.

वर्तमानपत्रांत अधूनमधून बातमी झळकते : अमुक वनस्पतीच्या तेलाने जंतूंचा नायनाट, भारतीय संशोधकांचे यश. बहुतेकदा घडलेले एवढेच असते की काचेच्या बशीत जंतू वाढवले, मध्ये तेलात भिजवलेली कागदाची टिकली ठेवली आणि तिच्याभोवती जंतू न वाढलेले वर्तुळ दिसले. विद्यार्थ्यांना हे प्रयोग जरूर करू द्यावेत. सुरुवात तेथूनच होते. पण त्या बशीत फिनेलची टिकली ठेवली तरी वर्तुळ उमटेलच, म्हणून कुणी फिनेल पीत नाही. शिवाय तेल पाण्यात मिसळत नाही. ते मिसळण्यासाठी काय घातले यावरून एकाच तेलाचे दोन प्रयोगशाळांत दोन निष्कर्ष निघतात. बशीतून माणसापर्यंतची वाट लांब आणि खर्चाची आहे. २००७ पासून देशात अशा चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही आहे. कोणत्याही कंपनीने 'सिद्ध झालेले' म्हटले की तिने त्या वहीतली नोंद दाखवावी, इतके तरी ग्राहकाने मागावे.

प्रयोगशाळा ही पाश्चात्त्यांची कसोटी, ती आयुर्वेदाला का लावावी, असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. चरकसंहितेत आप्तोपदेशाबरोबर प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती अशा चार परीक्षा सांगितल्या आहेत. केवळ आप्तवाक्यावर थांबावे असे तेथे म्हटलेले नाही. आणि व्यवहारात पाहिले तरी परंपरेची लढाई कागदावरच्या पुराव्याने जिंकली गेली आहे. १९९५ साली अमेरिकेत हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने ते आव्हान देऊन १९९७ साली रद्द करवले. आमच्या घरोघरी हळद लावतात, एवढे सांगून ते झाले नव्हते. संस्कृत ग्रंथांबरोबर १९५३ सालचा भारतीय वैद्यक नियतकालिकातला निबंधही पुढे ठेवावा लागला होता. कुणीतरी चाळीस वर्षांपूर्वी हळदीवर प्रयोग करून तो छापून ठेवला, म्हणून तो तेथे उपयोगी पडला.

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली या पट्ट्यात विज्ञान महाविद्यालयांची वाण नाही आणि आयुर्वेदावर प्रेम करणाऱ्यांचीही नाही. या दोहोंची गाठ पडत नाही, इतकेच. एखाद्या सामाजिक संस्थेने पुढाकार घेऊन स्टेशनपासून मिठागर रोडपर्यंतच्या दुकानांतल्या वेखंडाच्या, तुळशीच्या, चंदनाच्या दहा-वीस बाटल्या विकत घ्याव्यात, त्या नावे झाकून तपासून घ्याव्यात, प्रत्येकीत काय निघाले ते फलकावर लावावे. चंदनतेलात सँटालॉल किती, तुळशीत कापूर किती, वेखंडात बीटा-अॅसारोन किती, एवढेच आकडे पुरेत. गुटीच्या वेखंडाबाबतही तेच : काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारी मुळी शोधन केलेली असते का, हे दुकानदाराला कितीजण विचारतात?

तोवर निदान एक गोष्ट कुणालाही करता येईल. पेटीतली बाटली उजेडात धरावी आणि तिच्यावर वनस्पतीचे पूर्ण शास्त्रीय नाव, तिचा कोणता भाग, मुख्य घटकांचे प्रमाण, तपासणीचा क्रमांक आणि 'लहान मुलांपासून दूर ठेवावे' ही ओळ आहे का ते वाचावे. नसेल, तर ती बाटली सहाणेच्या शेजारून उचलून वरच्या फळीवर ठेवावी, आणि वेखंडाचे वेढे किती द्यायचे, की द्यायचेच नाहीत, हे बाळाच्या डॉक्टरांना आणि जाणत्या वैद्यांना विचारावे.